दंतचिकित्सालयातील भांडणे: माणसे बदलण्याआधी कामाची मांडणी पाहा

डॉक्टर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मी कशाचे उत्तर देत आहे हे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. नागपूरच्या मनीषनगर भागातील एक जुना, चालता दवाखाना तुम्ही आणि तुमचे पती अशा दोघा दंतवैद्यांनी मिळून घेतला. आधीच्या ज्येष्ठ डॉक्टरांकडे बरीच वर्षे काम केलेल्या मावशी दवाखान्याबरोबरच तुमच्याकडे आल्या. रिसेप्शनसाठी तुम्ही बी.कॉम. झालेली, संगणक चांगला हाताळणारी तरुण मुलगी नेमली. गेल्या वर्षभरात दोन नव्या असिस्टंट मुली काम सोडून गेल्या, आणि मावशी व रिसेप्शनची मुलगी एकमेकींशी केवळ पेशंटसमोर, तेही नाइलाजाने बोलतात. तुम्ही दिवाळीला बोनस दिला, सगळ्यांना फुटाळा तलावावर जेवायला नेले, दोघींना समोरासमोर बसवून समजूतही घातली. चार दिवस बरे गेले आणि पुन्हा पहिले पाढे सुरू झाले. आता तुम्ही विचारता की मावशींना कामावरून कमी करावे का, आणि दवाखान्यात एकोपा यावा म्हणून नेमके काय करावे.

तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिले आहे, त्यावर मात्र फार थांबला नाहीत. आधीच्या डॉक्टरांच्या काळात मावशी पेशंटच्या दातांची मापे घेत, इतकेच नव्हे तर दात साफ करण्याचे कामही करत, आणि ते तुम्ही आल्या आल्या बंद केले. तुमच्या अडचणीचे मूळ बहुतेक याच वाक्यात आहे, असे मला वाटते. तिकडे मी पुढे येते. तोपर्यंत इतकेच सांगते की दोन बायकांचे स्वभाव जुळत नाहीत, ही या प्रकरणाची सर्वांत सोपी आणि म्हणूनच सर्वांत कमी उपयोगाची व्याख्या आहे. धरमपेठेत दोन दशकांहून अधिक काळ दवाखाना चालवताना आणि अनेक तरुण सहकाऱ्यांच्या अशाच अडचणी ऐकताना माझे मत असे बनले आहे की छोट्या दंतचिकित्सालयातील बहुतेक भांडणे कामाच्या सांध्यावर होतात. एकीचे काम जिथे संपते आणि दुसरीचे जिथे सुरू होते, ती जागा कोणीच ठरवून दिलेली नसते. मग तिथे जे अडते, त्याला दोघीही एकमेकींचा स्वभाव समजू लागतात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच कबूल करायला हव्यात. मी फक्त तुमची बाजू ऐकली आहे. मावशींची आणि त्या मुलीची बाजू मला ठाऊक नाही. तुम्ही पगाराचा आकडा लिहिलेला नाही. आसपासच्या दवाखान्यांपेक्षा तुमचा पगार कमी असेल, किंवा तो दर महिन्याला वेगळ्या तारखेला होत असेल, तर मी खाली लिहिलेले काहीही टिकणार नाही. ज्या मुली सोडून गेल्या त्यांना रात्री साडेनऊला दवाखाना बंद झाल्यावर बेसा किंवा मानेवाड्याकडे एकटे जावे लागत होते का, हेही पाहा. घरून विरोध होऊ लागला की मुलगी खरे कारण सांगत नाही, ‘तब्येत बरी नसते’ असे सांगून निघून जाते. आणि वादाच्या मुळाशी पैशांची अफरातफर किंवा कोणाची गैरवर्तणूक असेल, तर तो एकोप्याचा प्रश्न राहत नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार, दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणची तक्रार जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीकडे करता येते. आपल्यासारख्या लहान दवाखान्यांतील मुलींना ही सोय बहुधा माहीतच नसते, म्हणून ती त्यांना रुजू होतानाच सांगावी असे माझे मत आहे.

आता पेशंटच्या चेअरपासून सुरुवात करू, कारण आपल्या व्यवसायातील नात्यांची खरी परीक्षा तिथेच होते. इतर बहुतेक व्यवसायांत दोन सहकारी एकमेकांपासून हातभर अंतरावर बसतात; आपल्याकडे दोन माणसांचे चार हात एकाच वेळी तिसऱ्या माणसाच्या तोंडात असतात, आणि तो तिसरा माणूस पूर्ण जागा असून प्रत्येक शब्द ऐकत असतो. चार हातांनी काम करण्याची पद्धत आपण कॉलेजात शिकतो. पेशंटचे डोके हा घड्याळाचा मध्य मानला, तर उजव्या हाताने काम करणारा डॉक्टर ७ ते १२ च्या भागात बसतो, असिस्टंट २ ते ४ मध्ये, आणि उपकरणांची देवाणघेवाण ४ ते ७ च्या भागात, म्हणजे पेशंटच्या छातीवर, होते. असिस्टंटची नजर डॉक्टरच्या नजरेपेक्षा १० ते १५ सेंटिमीटर उंच असावी, म्हणजे तिला तोंडात दिसते. आता तुमच्या दवाखान्यात असिस्टंटसाठी पाय टेकायला कडे असलेले उंच स्टूल आहे का, ते पाहा. आपल्याकडील बहुतेक दवाखान्यांत ती मुलगी तासभर वाकून उभी असते. तिला तोंडातले दिसत नाही, म्हणून सक्शन, म्हणजे लाळ-पाणी ओढणारी नळी, चुकीच्या जागी जाते, जीभ ओढली जाते, पेशंट दचकतो आणि डॉक्टर म्हणतात, ‘लक्ष कुठे आहे तुझं?’ ती घरी जाते तेव्हा पाठदुखी आणि अपमान दोन्ही घेऊन जाते. हा मुलीच्या निष्काळजीपणाचा प्रश्न म्हणून वर्षभर चर्चेत राहू शकतो, पण तो स्टुलाचा प्रश्न असतो.

याचे दुसरे उदाहरण खास आपल्या नागपूरचे आहे. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी इतके तापलेले असते की नळाखाली हात धरवत नाही. त्या पाण्यात आल्जिनेट, म्हणजे दातांचे माप घ्यायची पूड, कालवले, तर ते ट्रेमध्ये भरेपर्यंतच घट्ट होऊ लागते, आणि माप खराब आले की कालवणारीला बोलणी बसतात. पाणी जितके गरम तितके आल्जिनेट लवकर जमते, हे आपल्याला माहीत आहे, तिला कोणी सांगितलेले नाही; ती बिचारी अधिक पाणी घालून पाहते, मग माप पातळ येते आणि पुन्हा बोलणी बसतात. एक पाण्याची बाटली फ्रीजमध्ये ठेवून तिच्यातले पाणी नळाच्या पाण्यात मिसळायचे, आणि कालवण्यापूर्वी पाण्याचे तापमान पाहायचे, एवढी सवय लावली की उन्हाळ्यातील निम्मी चिडचिड संपते. दातात भरायच्या ग्लास आयोनोमर सिमेंटचेही तसेच आहे. काचेची लादी थंड आणि कोरडी ठेवली, तर काम करायला थोडा अधिक वेळ मिळतो. एखादी चूक वारंवार होत असेल आणि माणूस बदलल्यावरही होत असेल, तर ती माणसात नाही हे उघड आहे. तुमच्याकडून वर्षभरात दोन मुली गेल्या आहेत. दोघींच्याही हातून कोणत्या चुका सारख्याच होत होत्या, याची आठवण करून पाहा. ती यादी तुम्हाला बरेच काही सांगेल.

मावशी आणि रिसेप्शन यांच्यातील तेढीकडे याच दृष्टीने पाहू. रिसेप्शनच्या मुलीचे काम फोन घेणे, वेळ देणे, पैसे घेणे आणि वाट पाहणाऱ्यांना शांत ठेवणे हे आहे. तिच्यासमोर पाच माणसे बसलेली असतात आणि प्रत्येकाला आताच आत जायचे असते. आत मावशींसमोर वेगळेच गणित असते. वापरलेली उपकरणे धुवायची, पाऊचमध्ये (बंद पाकिटात) भरायची, ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र, लावायचा. १२१ अंश सेल्सियसला निर्जंतुकीकरणाचा प्रत्यक्ष काळ १५ ते २० मिनिटांचा असला, तरी तापणे, वाफ सोडणे आणि वाळणे धरून एका फेरीला तासाच्या जवळपास वेळ जातो. तुमच्याकडे हँडपीस, म्हणजे दात कोरायची यंत्रे, तीन असतील आणि रिसेप्शनने पाठोपाठ पाच जणांना आत सोडले, तर चौथ्या पेशंटला मावशी काय देणार? त्या दार लावून घेतात, ‘थांबा म्हणावं’ असे ओरडतात, बाहेरच्या मुलीला पेशंटची बोलणी खावी लागतात, आणि संध्याकाळपर्यंत दोघींचे तोंड फिरलेले असते. या दोघींना समोरासमोर बसवून ‘समजून घ्या’ म्हणण्याने हँडपीसची संख्या वाढत नाही.

मी यावर दोन उपाय करत आले आहे. पहिला असा की पुढच्या भेटीला किती वेळ लागेल हे रिसेप्शनने ठरवायचे नाही. ते डॉक्टरने चेअरवरच ठरवायचे आणि एका चिठ्ठीवर लिहून पेशंटबरोबर बाहेर पाठवायचे. त्या चिठ्ठीत पुढच्या वेळी काय करायचे आहे, किती मिनिटे लागतील, कॅप वगैरे बनवणाऱ्या लॅबमधून काही यायचे आहे का आणि आज किती पैसे घ्यायचे आहेत, इतके असले तरी पुरे. रूट कॅनॉलची पहिली भेट आणि टाके काढण्याची भेट यांना सारखाच वेळ देणारी मुलगी मूर्ख नसते, तिला फरक सांगितलेला नसतो. दुसरा उपाय असा की नव्या रिसेप्शनिस्टने पहिल्या आठवड्यात रोज थोडा वेळ निर्जंतुकीकरणाच्या टेबलाशी उभे राहून ते काम पाहायचे, आणि असिस्टंटने गर्दीच्या संध्याकाळी अर्धा तास फोन सांभाळायचा. हा शिक्षेचा भाग आहे असे वाटू देऊ नका. मी तरी मुलीला रुजू करून घेतानाच हे सांगते.

चिठ्ठीतल्या पैशांच्या ओळीवर थोडे अधिक लिहायला हवे, कारण तिथे आपण डॉक्टरच नकळत भांडण लावतो. पेशंट आत म्हणतो, ‘डॉक्टर, थोडं पाहा ना’. आपण मोठ्या मनाने म्हणतो, ‘बाहेर बोलून घ्या, होऊन जाईल.’ पेशंट बाहेर येतो, मुलगी ठरलेली रक्कम सांगते, तो म्हणतो की मॅडम तर कमी म्हणाल्या होत्या, आणि चार लोकांसमोर ती मुलगी खोटी किंवा लोभी ठरते. आपला चांगुलपणा तिच्या खर्चाने होतो. सवलत द्यायची असेल तर ती आतच आकड्यात सांगायची, चिठ्ठीवर लिहायची, आणि चिठ्ठीवर नसलेली सवलत रिसेप्शनने दिली नाही तर तिच्या पाठीशी उभे राहायचे. पेशंटने आत येऊन तक्रार केली म्हणून आपण तिचा शब्द फिरवला, तर ती पुढच्या वेळी काहीच ठरवणार नाही, प्रत्येक गोष्ट विचारायला आत येईल, आणि मग आपणच म्हणू की हिला जबाबदारी घेता येत नाही.

लॅबचेही तसेच. कॅप बसवायला पेशंट कामठीहून रजा टाकून येतो आणि कॅप आलेलीच नसते. मग रिसेप्शन असिस्टंटकडे बोट दाखवते, असिस्टंट लॅबच्या मुलाकडे. एक वही ठेवा, तिच्यात पाठवल्याची तारीख, येण्याची तारीख आणि आल्यावर सही असे तीनच रकाने असू द्या, आणि उद्याच्या पेशंटची कामे आज दुपारी तपासणे हे एकाच व्यक्तीच्या नावावर करा. ‘दोघींनी मिळून बघा’ असे सांगितलेले काम कोणीही बघत नाही.

सकाळी दवाखाना उघडण्यापूर्वी आम्ही सगळे दहा मिनिटे उभ्यानेच एकत्र येतो. काल काय राहिले, आज कोण कोण येणार, त्यांतील मधुमेही कोण, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे कोण, लॅबमधून काय यायचे आहे, कन्सल्टंट, म्हणजे बाहेरचे विशेषज्ञ डॉक्टर, कधी येणार आणि आज कोणाला लवकर निघायचे आहे, एवढेच बोलायचे. माझा आग्रह असतो की सर्वांत नवी मुलगी आधी बोलेल आणि डॉक्टर सर्वांत शेवटी. डॉक्टर आधी बोलले की बाकीच्यांचे बोलणे ‘हो मॅडम’पुरते उरते. या दहा मिनिटांत कोणाच्याही चुकीचा विषय काढायचा नाही. तो नियम मोडला की सभेचे रूपांतर सुनावणीत होते आणि आठवडाभरात लोक मुद्दाम उशिरा येऊ लागतात. चूक सांगायची असेल तर त्याच दिवशी, एकटीला, पेशंट नसताना सांगावी. अपवाद फक्त सुरक्षिततेचा, कारण उघडी सुई ट्रेमध्ये दिसली तर तिथल्या तिथेच थांबवावे लागते. त्यासाठीही आमच्याकडे ‘ट्रे पाहा’ एवढेच दोन शब्द ठरलेले आहेत, आणि ते कोणीही कोणालाही म्हणू शकते, असिस्टंट डॉक्टरलाही. दंतवैद्याला स्वतःच्या असिस्टंटकडून हे ऐकून घेता आले पाहिजे.

सुईचा विषय निघाला आहे तर त्यावर सविस्तर लिहिते, कारण दवाखान्यातील विश्वास मोजायचा असेल तर मी बोनस विचारत नाही, सुई टोचली तर मुलगी लगेच सांगते का, हे विचारते. जैववैद्यकीय कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनुसार कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे, प्रशिक्षण देणे आणि दरवर्षी आरोग्य तपासणी करणे ही दवाखाना चालवणाऱ्याची जबाबदारी आहे. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस असतात: पहिला, त्यानंतर एका महिन्याने दुसरा आणि सहाव्या महिन्यात तिसरा, आणि तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करून घ्यावी. कित्येक ठिकाणी ‘मुलगी टिकली तर देऊ’ असा विचार करून लस लांबवली जाते. मुलीला हे कळते, आणि आपण इथे कोण आहोत याचे उत्तर तिला त्यातून मिळते. इंजेक्शनची सुई ज्याने वापरली त्या डॉक्टरनेच ती नष्ट करायची, असिस्टंटच्या हाती उघडी द्यायची नाही. तरी टोचलीच, तर जागा साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची, पिळायची नाही, आणि लगेच सांगायचे. पेशंटची स्थिती पाहून एचआयव्हीविरोधी प्रतिबंधक औषध लागणार असेल, तर ते शक्य तितक्या लवकर, काही तासांत, आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते, त्यासाठी मेडिकलसारख्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) शासकीय रुग्णालयात जावे. जी मुलगी ओरडा बसेल म्हणून हे दोन दिवस लपवते, ती मुदत घालवून बसते. तुमच्या दवाखान्यातल्या मुली काय करतील, याचे उत्तर तुम्हाला प्रामाणिकपणे देता येते का, ते पाहा.

आता मावशींच्या त्या वाक्याकडे येते. दात साफ करण्याचे काम तुम्ही बंद केले ते अगदी योग्य केले. १९४८ च्या डेंटिस्ट्स ॲक्टपासून कायद्यात डेंटल हायजिनिस्ट हा वेगळा, नोंदणी असलेला वर्ग आहे आणि दात साफ करणे हे त्याच्या कामात येते. अनुभवावर शिकलेल्या असिस्टंटने ते करणे कायद्यात बसत नाही, आणि काही बिघडले तर त्याची जबाबदारी सर्वस्वी तुमच्यावर येईल. परंतु मावशींच्या बाजूने पाहा. आधीच्या डॉक्टरांनी ज्या कामासाठी त्यांचे कौतुक केले, ज्या कामामुळे वस्तीतले लोक त्यांना निम्म्या डॉक्टर समजत, ते काम एका सकाळी बंद झाले, आणि त्याच सुमारास बाहेरच्या टेबलावर एक शिकलेली मुलगी बसली, जिच्या हाती संगणक, गल्ला आणि वेळा आल्या. त्यांचा पगार कमी झाला नसेल, पण मान कमी झाला. त्याबद्दल तुमच्याशी भांडता येत नाही म्हणून त्या रिसेप्शनशी भांडतात, आणि नव्या मुलींना शिकवत नाहीत, कारण शिकवले तर उरलेले कामही जाईल अशी त्यांना भीती असणार. दोन मुली सोडून जाण्याचे कारण मला इथे दिसते. माझा हा अंदाज चुकीचाही असू शकतो. तो तपासायचा मार्ग म्हणजे त्यांना एकटे बसवून विचारणे, ‘मावशी, आधीच्या डॉक्टरांकडे तुम्हाला काय चांगले वाटत होते?’ आणि मग उत्तर संपेपर्यंत मध्ये न बोलणे.

काढून घेतलेल्या मानाच्या जागी दुसरे काहीतरी खरे द्यावे लागते. निर्जंतुकीकरणाचा सगळा कारभार त्यांच्या नावावर करा: कोणता पाऊच कधी लावला याची नोंद, निर्जंतुकीकरण झाल्याची खूण देणाऱ्या इंडिकेटर पट्टीचा रंग बदलला की नाही हे पाहणे, कचऱ्याच्या पिवळ्या व लाल पिशव्या, निळ्या खुणेचा डबा आणि सुयांचा पांढरा डबा यांची शिस्त. ‘मावशींनी हो म्हटल्याशिवाय ट्रे चेअरवर येणार नाही’ हे तुम्ही सगळ्यांसमोर, स्वतःच्या पतीसमोरही, सांगा आणि पाळा. त्यांना लिहिता-वाचताना अडचण असेल, तर नोंदीसाठी खुणा किंवा रंग ठरवा. लिहिता येत नाही म्हणून नोंद रिसेप्शनच्या मुलीकडे सोपवली, तर पुन्हा तोच घाव होईल. नव्या मुलीला तयार करण्याचे कामही त्यांना द्या, त्यासाठी वेगळा भत्ता द्या, आणि तो मुलगी तीन महिने टिकल्यावर द्या. पैशापेक्षा मान मोठा असे कोणी कितीही म्हटले तरी दोन्ही एकत्र आल्यावरच माणसाचा विश्वास बसतो, असा माझा अनुभव आहे.

तुमच्या पतींचा उल्लेख केला तो सहेतुक केला. पती-पत्नी दोघे डॉक्टर असलेल्या दवाखान्यात दोन आज्ञा निघतात. सर म्हणतात एक्स-रे आधी, मॅडम म्हणतात आधी तपासू. सरांनी रजा मंजूर केली, मॅडमना माहीतच नाही. कर्मचारी लवकरच शिकतात की कोणती गोष्ट कोणाकडे मागायची, आणि त्यातून सरांची माणसे आणि मॅडमची माणसे असे दोन गट पडतात. रजा, पगार आणि खरेदी यांचा अंतिम शब्द एकाच व्यक्तीचा असावा. ती व्यक्ती कोण, याला महत्त्व नाही. आणि आपापसांतला निरोप कर्मचाऱ्यामार्फत पाठवू नये. घरी भांडण झाले असेल त्या दिवशी तर मुळीच नाही.

बाहेरून येणारे कन्सल्टंट आठवड्यातून एखाद्या दिवशी येतात, स्वतःची पद्धत घेऊन येतात आणि रूट कॅनॉलची एखादी फाइल (सुईसारखे बारीक उपकरण) सापडली नाही तर असिस्टंटवर चिडतात. त्यांच्या दिवसासाठी एकच असिस्टंट ठरवा, लागणाऱ्या वस्तूंची यादी त्यांच्याकडूनच लिहून घेऊन कपाटाच्या दारावर आतून लावा, आणि तुमच्या माणसांना रागावण्याचा अधिकार त्यांना नाही हे त्यांना सौम्य शब्दांत, पण एकदा स्पष्ट सांगा.

रजांचे वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीलाच करावे. आपल्या शहरात हे सोपे जाते, कारण सगळ्यांना एकाच दिवशी रजा नको असते. कोणाकडे महालक्ष्म्या बसतात, कोणाला दसऱ्याला घरच्यांसह दीक्षाभूमीला जायचे असते, कोणाला ईदची सुट्टी हवी असते, मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी महाल-इतवारीकडून येणाऱ्या मुलीला रस्ताच मिळत नाही. भिंतीवर कॅलेंडर लावून प्रत्येकीने आपले दिवस आधी लिहिले आणि कोणी कोणाच्या जागी काम करायचे हे त्यांनीच ठरवले, तर माझ्या माहितीतील कोणत्याही सहलीपेक्षा त्यातून अधिक आपलेपणा निर्माण होतो. जाता जाता एक गोष्ट: दुपारचा डबा आणि पाण्याची भांडी सगळ्यांची एकत्र आहेत ना, हे डोळ्यांनी पाहून घ्या. कोणाचा ग्लास वेगळा ठेवला जात असेल, तर ते त्याच दिवशी बंद करा, त्यावर चर्चा ठेवू नका.

सहल आणि जेवण यांना माझा विरोध नाही, पण ते काम सुरळीत झाल्यावर करावे आणि शक्यतो कामाच्या वेळेतच करावे. रात्री नऊनंतर फुटाळ्यावर जेवायला जाणे तुम्हाला आनंदाचे वाटते. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला त्यासाठी घरी उत्तर द्यावे लागते, आणि मावशींना घरी जाऊन पुन्हा स्वयंपाक करावा लागतो. बुधवारी दुपारी दोन तास अपॉइंटमेंट बंद ठेवून एकत्र जेवलात, तरी ते त्यांच्या अधिक लक्षात राहील.

तर मावशींना काढावे का? माझे उत्तर, आत्ता नाही. वरील बदल करून तीन महिने द्या, आणि त्या काळात तीनच गोष्टी पाहा: त्या नव्या मुलीला शिकवतात का, रिसेप्शनचा निरोप ओरडून न देता देतात का, आणि निर्जंतुकीकरणात चालढकल होते का. पहिल्या दोन बाबतींत हळूहळू फरक पडत असेल, तर वाट पाहण्यात अर्थ आहे. इतक्या वर्षांचे हात आणि पेशंटची ओळख बाजारात मिळत नाही. तिसऱ्या बाबतीत मात्र सवलत नाही. समज देऊनही न धुतलेली उपकरणे पाऊचमध्ये जात असतील, तर वय, अनुभव आणि तुमचा संकोच बाजूला ठेवून त्यांना निरोप द्यावा लागेल. तो देताना पुरेशी आगाऊ सूचना, राहिलेला सगळा पगार आणि अनुभवाचे लेखी पत्र द्या, आणि आधीच्या डॉक्टरांना तुम्ही स्वतः फोन करून कळवा, दुसऱ्यांकडून त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका.

रिसेप्शनच्या मुलीशीही वेगळे बोला. दोघींत ती वयाने लहान आहे म्हणून पड तिनेच घ्यावी, असे तिला सांगू नका. चिठ्ठीची पद्धत सोमवारपासून सुरू होत आहे, ती भरून आली नाही तर तिने पेशंटला बसवून चिठ्ठी आत परत पाठवायची, आणि त्याबद्दल तिला कोणी काही बोलणार नाही, एवढे सांगा. पहिल्या आठवड्यात चिठ्ठी भरायला सर्वांत जास्त विसराल ते तुम्ही आणि तुमचे पती, तेव्हा ती परत आली की हसून भरून द्या.